होळी ते मिरग: गावच्या झाडांचं बी, रोप आणि राखण

आमच्या गावच्या पांदण रस्त्यावर ओळीनं चाळीस खड्डे आहेत. आता त्यांत कुसळी गवत उगवतं, पण खणले होते ते झाडांसाठी. जुलै महिना, वनमहोत्सवाचा आठवडा, शाळेची पोरं, गावकरी, आम्ही सगळे हजर. गाडी भरून गुलमोहर आणि निलगिरीची रोपं आली, दोन तासांत लावून झाली, फोटो निघाले. दिवाळीपर्यंत निम्मी उरली. पुढच्या होळीला मी मुद्दाम मोजत गेलो तेव्हा तीन होती. मे महिन्यात तीही गेली.

त्याच रस्त्याच्या कडेला, एका खड्ड्यापासून चार पावलांवर, बोराटीच्या जाळीत निंबाचं एक झाड आहे. ते कुणी लावलं नाही, कुणी त्याला तांब्याभर पाणी घातलं नाही. कधीतरी एखाद्या पाखरानं तिथं बसून निंबोळीची बी टाकली असणार. आज त्याच्या सावलीत माणूस उभा राहतो.

हे झाड जगलं आणि ती चाळीस का गेली, या प्रश्नानं मला झाडांच्या मागे लावलं. यवतमाळ जिल्ह्यात राहतो, शेती करतो, आणि गेली काही वर्षं गावातल्या बचत गटाच्या बायांबरोबर आणि शाळेतल्या पोरांबरोबर गावरान झाडांचं बी गोळा करून रोपं करतो. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. झाड लावण्याचा कार्यक्रम जुलैत होतो, पण ते जगणार की मरणार हे बरंचसं होळी ते मिरग (जूनच्या सुरुवातीला लागणारं मृग नक्षत्र) या साधारण तीन महिन्यांत ठरतं. आपण नेमके हेच महिने रिकामे घालवतो.

झाडाचं उलटं गणित

विदर्भात पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. बुलढाणा-अकोल्याकडे वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर, गोंदिया-गडचिरोलीकडे १३०० च्या वर. पण पूर्वेला असा की पश्चिमेला, पुढचे आठ महिने जमीन वाळतच जाते आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. इथल्या झाडांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे पानगळ. झाडातलं पाणी सगळ्यात जास्त पानातून उडतं, म्हणून माघ-फाल्गुनात पानंच टाकून द्यायची.

मग अशा उपाशीतापाशी दिवसांत झाड फुलतं कशाला? पळस, काटेसावर, पांगारा, सगळे नेमके उघडे-बोडके असताना फुलतात. एक कारण दिसायला सोपं आहे: पानं नसली की फूल लांबून दिसतं आणि पाखराला थेट फुलावर उतरता येतं. पळसाचं फूल तर मुख्यतः पाखरांसाठीच आहे. शिंजीर, मैना, बुलबुल त्यातला रस प्यायला येतात आणि पराग अंगावर घेऊन पुढच्या झाडावर जातात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. झाड उलटं मोजतं. बी जमिनीवर पडायला हवं ते पाऊस सुरू होण्याच्या तोंडावर, म्हणजे त्याला उगवायला आणि मूळ खोल घालायला चार महिन्यांची ओल मिळेल. बी पिकायला दोन-तीन महिने लागतात. म्हणून पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो आणि त्याच्या शेंगा मे-जूनमध्ये गळतात. निंब चैत्राच्या सुमारास फुलतो, निंबोळ्या जून-जुलैत पिकतात. मोहाची फुलं मार्च-एप्रिलात पडतात, फळं जूनच्या आसपास. पळसाची शेंग एकदा हातात घेऊन बघा: चपटी, कागदासारखी हलकी, आणि बी एकच, तेही अगदी एका टोकाला. बाकीची सगळी शेंग म्हणजे पंख. मे महिन्यातल्या वावटळीवर ती आईच्या सावलीपासून लांब जाऊन पडते आणि महिन्याभरात पाऊस येतो. हजारो वर्षं याच मातीत आणि याच पावसात राहून बसलेलं हे वेळापत्रक आहे.

स्थानिक झाड म्हणजे काय, याचं उत्तर याच वेळापत्रकात आहे. इथली ओल, इथलं ऊन, इथली पाखरं आणि किडे यांच्याशी ज्याचा हिशेब जुळलेला आहे ते स्थानिक. गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, सुबाभूळ आणि गिरिपुष्प मध्य अमेरिकेकडचे. बाहेरून आलं म्हणजे वाईट असं मी म्हणत नाही. चिंच मूळची आफ्रिकेतली, मिरची आणि सीताफळ अमेरिकेतलं, आणि यांच्याशिवाय आपलं घर चालत नाही. दारात गुलमोहर असेल तर तो तोडायला कुणी जाऊ नये. पण पांदणीवर, नाल्याकाठी, गायरानावर, जिथं पहिल्या दोन उन्हाळ्यांनंतर कुणी पाणी घालणार नाही, तिथं इथलंच झाड हवं.

शेतकरी म्हणून आणखी एक हिशेब सांगतो. फाल्गुन ते ज्येष्ठ शेतं रिकामी असतात. तूर निघाली, हरभरा निघाला. मधमाशी या दिवसांत खाते काय? निंबाचा मोहोर, करंजाची फुलं, मोह, आणि धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, असली झाडं. धुरा साफ केला की मधमाशीचा उन्हाळा उपासात जातो. पुढं पावसाळ्यात आपल्या वेलावर दोडकी, कारली, भोपळे धरायची वेळ येते, तेव्हा तिची गरज पडते, कारण या वेलांना नर आणि मादी फुलं वेगवेगळी असतात आणि परागाची ने-आण मधमाशीसारख्या किड्यांशिवाय होत नाही. कांद्याचं बी घेणाऱ्यांना तर हे सांगायचीही गरज नाही.

घाईचं बी आणि सबुरीचं बी

रोपं करताना आमची सगळ्यात मोठी चूक झाली ती इथं. पहिल्या वर्षी आम्ही जूनमध्ये पोतंभर निंबोळ्या वेचल्या, वाळवल्या, डब्यात भरल्या आणि पुढच्या फाल्गुनात पिशव्यांत पेरल्या. एकही उगवली नाही. त्याच दिवशी बाभळीचं बी पेरलं, तेही जवळजवळ नाहीच उगवलं. निकाल सारखा दिसला, पण कारणं अगदी उलटी होती.

निंबोळी, मोह, जांभूळ, आंबा हे घाईचं बी. ते ओलं, जिवंत असतानाच झाडावरून पडतं आणि लगेच उगवायला बघतं. त्याला साठवण सोसत नाही. मोहाची किंवा जांभळाची बी पुरती वाळली की मेलीच. निंबोळी थोडी जास्त टिकते, पण काही आठवड्यांत तिचीही उगवण घसरत जाते. असं बी गोळा करायचं आणि आठवड्याच्या आत मातीत घालायचं.

बाभूळ आणि बहावा हे सबुरीचं बी. त्यांचं टरफल इतकं कठीण आणि घट्ट असतं की पाणी आतच शिरत नाही. असं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि त्यातलं थोडं या वर्षी, थोडं पुढच्या वर्षी असं उगवतं. यामागचं कारण कापूस पेरणाऱ्या माणसाला लगेच पटेल. मिरगाचा पहिला पाऊस आला की आपण सगळं बियाणं जमिनीत टाकतो, मग पंधरा दिवस उघाड पडते आणि दुबार पेरणी करावी लागते. बाभूळ सगळं बी एका पावसावर लावत नाही. एका वर्षीची पिढी उन्हानं करपली तरी मातीत राखीव बी असतंच.

मग हे टरफल फुटतं कसं? बाभळीच्या बाबतीत उत्तर बकरीकडं आहे. एप्रिल-मेमध्ये बाभळीच्या शेंगा गळतात आणि बकऱ्या त्यांच्यावर तुटून पडतात. शेंगेचा गर त्या खातात, कठीण बी रात्री रवंथ करताना तोंडातून टाकतात किंवा लेंडीतून बाहेर काढतात. तोवर पोटातल्या रसानं टरफल मऊ पडलेलं असतं. आता आम्ही शेंगा सोलत बसत नाही. बकऱ्यांच्या वाड्यात सकाळी झाडणी होते, त्या कचऱ्यातून बी चाळून घेतो. लेंड्यांचं खत शेताला जातं, बी पिशवीला.

बकरी नसेल तर गरम पाणी. पाणी उकळायचं, चुलीवरून उतरवायचं, मगच बी त्यात टाकायचं आणि रात्रभर तसंच राहू द्यायचं. चुलीवर बीसकट उकळलं तर बी शिजतं, एवढं लक्षात ठेवा. बहाव्याला मात्र याहून जास्त मेहनत लागते. त्याची हातभर लांब काळी शेंग फोडली की आत नाण्यांच्या चळतीसारखे पडदे दिसतात आणि प्रत्येक दोन पडद्यांमध्ये काळ्या चिकट गरात एक चपटी, चकचकीत, तपकिरी बी. ती धुऊन घ्यायची आणि एका कडेला खरबरीत दगडावर घासायची, आतला फिकट भाग जेमतेम दिसेपर्यंत. मग दिवसभर पाण्यात. सकाळी जी फुगून दुप्पट झाली ती पेरायची, जी तशीच टणक राहिली ती पुन्हा दगडावर. शाळेतल्या पोरांना हे काम फार आवडतं, कारण दुसऱ्या दिवशी फुगलेली बी हातात घेतली की काल पाणी आत शिरत नव्हतं आणि आज शिरलं, हे त्यांना दिसतं. फळ्यावर शिकवून हे इतकं कळत नाही.

बेलाचं बी चिकट गरातून राखेत चोळून काढावं लागतं. करंजाला काहीच करावं लागत नाही, शेंग सोलली की पेरलं. काही कळत नसेल तर गोळा केलेल्यातल्या दहा बिया कापून बघाव्यात. आत पांढरं-हिरवं, भरलेलं असेल तर ठीक. पोकळ किंवा किडलेल्या निघाल्या तर दुसरं झाड शोधावं.

आणि एकाच झाडाचं बी घेऊ नये. सगळ्यात जवळच्या, सगळ्यात जास्त धरलेल्या झाडाखाली बसून पोतं भरायचा मोह होतोच. पण मग ती सगळी रोपं भावंडंच होतात, आणि एखादा रोग आला की सगळी एकदम आडवी होतात. दहा-पंधरा वेगवेगळ्या झाडांचं थोडं थोडं घ्यावं, आणि झाडाखाली बरंचसं तसंच राहू द्यावं. ते पाखरांचं आणि खारीचं आहे.

मोहाखालचा जाळ

इथं मला जरा थांबायचं आहे, कारण ही गोष्ट मला आतून लागते. कोणत्याही गावाबाहेरच्या मोहाकडे नीट बघा. झाड मोठं, जुनं, दोन माणसांच्या कवेत न मावणारं. आता त्याचं पोर शोधा, हातभर उंचीचं तरी. बहुतेक ठिकाणी सापडणार नाही. म्हाताऱ्या झाडांची वस्ती उरली आहे, त्यांच्यानंतर काय, याचं उत्तर जमिनीवर दिसत नाही.

फुलं वेचल्यामुळं असं झालं, असं काही लोक म्हणतात. ते खरं नाही. पहाटे खाली पडतं ते मोहाच्या फुलाचं मांसल, गोड टोपण. फळ ज्यातून होतं तो भाग देठाशी झाडावरच राहतो. म्हणजे बाया टोपलीभर फुलं वेचून नेतात तेव्हा झाडाचं एकही फळ कमी होत नाही. नुकसान होतं ते वेचण्याच्या आधी. पाचोळ्यात फुलं दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवून जागा मोकळी करतात. त्या जाळात मागच्या पावसाळ्यात उगवलेलं प्रत्येक रोप जातं. दरवर्षी जाळ, दरवर्षी शून्यापासून सुरुवात. वर उरलेल्या फळांचं बी तेलासाठी वेचलं जातं. कधी तोच जाळ हातातून सुटतो आणि रान पेटवतो.

उपाय महाग नाही. पाचोळा खराट्यानं बाजूला ओढून त्याचा ढीग करायचा, किंवा झाडाखाली जुनी लुगडी, जाळी बांधायची म्हणजे फुलं त्यातच पडतात आणि माती न लागल्यामुळं स्वच्छ मिळतात. झाडून काढलेला पाचोळा कंपोस्टच्या खड्ड्यात घातला तर तोच पुढच्या वर्षी रोपांच्या पिशव्यांना लागतो. चार झाडांखाली हे सुरू झालं तरी त्या चार झाडांची पोरं वाचतील.

चाराची, म्हणजे चारोळीच्या झाडाची, गत थोडी वेगळी आहे. आपण खातो ती चारोळी हीच त्याची बी. भाव चांगला असल्यानं दुसऱ्यानं नेण्याआधी आपण न्यावं म्हणून लोक हिरवी, अर्धी पिकलेली फळं तोडतात, कधी फांदीच खाली ओढतात. पेरायला पिकलेलं बी मिळतच नाही. हा प्रश्न एकट्यादुकट्याच्या शहाणपणानं सुटणारा नाही. गावानं मिळून तारीख ठरवायची, की अमुक दिवसाआधी कुणी चार तोडणार नाही, तेव्हाच तो सुटेल.

गावानं मिळून ठरवता येतं, याचा दाखला गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात आहे. मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांदा ज्या गावांना मिळाला त्यांपैकी ते एक. तिथं जंगलातून काय, किती, कधी घ्यायचं हे ग्रामसभा बसून ठरवते. ज्या गावांकडे असा हक्क नाही त्यांच्याकडेही २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. ती नोंदवही ग्रामपंचायतीत जाऊन एकदा उघडून बघा. आपल्या शिवारात कोणती झाडं होती हे तिच्यात लिहिलेलं असायला हवं. नसेल, तर गावातल्या म्हाताऱ्यांना आणि ढोरक्याला, म्हणजे गुरं राखणाऱ्याला, विचारून लिहा. कुठला मोह लवकर फुलतो, कुठल्या बेलाचं फळ गोड, हे ढोरक्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

जंगलाशेजारच्या गावांसाठी एक गोष्ट कळकळीनं सांगतो. राखीव जंगल, अभयारण्य, व्याघ्रप्रकल्प इथून परवानगीशिवाय काहीही आणू नये. आणि जिथं जाता येतं तिथंही पहाटेच्या अंधारात एकट्यानं जाऊ नये. चंद्रपूर-गडचिरोलीत मोह आणि तेंदूपानाच्या हंगामात वाघाच्या हल्ल्यात माणसं गेली आहेत. वाकून वेचणारं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही. चार-पाच जणींनी मिळून, उजेड पडल्यावर, बोलत बोलत जावं.

पिशवी, खड्डा, राखण

रोपवाटिकेला फार काही लागत नाही. न्हाणीच्या पाण्याजवळची, दुपारी सावली येणारी जागा, आणि माती, रेती, कुजलेलं शेणखत यांचं मिश्रण. सबुरीचं बी फाल्गुन-चैत्रात पेरलं की मिरगापर्यंत दोन-तीन महिन्यांचं रोप हाती येतं. घाईचं बी जूनमध्ये पेरायचं आणि त्याचं रोप पुढच्या वर्षी लावायचं.

पिशवीत मात्र एक खोट आहे. आपल्या कोरड्या भागातल्या झाडाची जगण्याची सगळी हिकमत मुळात असते. पळस, मोह, निंब यांचं कोंब वर बोटभर दिसतं तेव्हा खाली सोटमूळ कितीतरी जास्त गेलेलं असतं. ते पिशवीच्या तळाला टेकलं की गोल गोल गुंडाळायला लागतं. असं रोप जमिनीत लावलं तरी मूळ वळलेलंच राहतं, खोल जात नाही, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात झाड वाळतं. आमच्या त्या चाळीस रोपांपैकी एक मी उपटून पाहिलं होतं. मुळांचा चुंबळीसारखा वेटोळा झाला होता. म्हणून पिशवी लांब हवी, आणि तळातून मूळ बाहेर यायच्या आत रोप लावलं पाहिजे.

पळस, निंब, मोह, करंज यांच्यासाठी त्याहून चांगला मार्ग म्हणजे बी थेट जागेवर टोबणं, तेही एखाद्या बोराटीच्या किंवा काटेरी झुडपाच्या आत. बोराटी वरून सावली देते, मातीत ओल धरते आणि बकरीचं तोंड अडवते. आमच्या पांदणीवरचा तो निंब असाच वाचला. झाडं लावायच्या आधी बोराटी साफ करायची आपली रीत आहे, ती मोडली पाहिजे.

जागा बघून झाड निवडावं. खोल काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात आणि कोवळी मुळं तुटतात. तिथं बाभूळ टिकते, हिवर टिकतो. मुरमाड बरडावर चार, मोह, तेंदू. नाल्याकाठी अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर. वड, पिंपळ, पांगारा यांना बी हवंच असं नाही, मनगटाएवढी फांदी मिरगाच्या तोंडावर रोवली तरी फुटते. आणि प्रत्येक मोकळी जागा झाड मागत नाही. मारवेल-पवन्याचं गवत असलेला माळ हा स्वतःच जिवंत असतो, ढोरांचा चारा तिथं असतो, अकोला-वाशीमकडे तर तणमोरासारखा पक्षी अशाच माळावर अंडी घालतो. तिथं खड्डे खणू नयेत.

पाण्यातही हेच काम होतं. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या जुन्या मालगुजारी (मालगुजार जमीनदारांच्या काळातल्या) तलावांत ढिवर समाजाच्या बाया उन्हाळ्यात पाणी आटल्यावर बेशरमचं तण उपटून टाकतात, तळ मोकळा करतात आणि देशी पाणवनस्पती लावतात. त्या वनस्पतींच्या आडोशानं मासे अंडी घालतात, पाखरं येतात. माझ्या पाहण्यातली सगळ्यात सुंदर बाग हीच.

राखणीला पर्याय नाही. पहिले दोन उन्हाळे काट्याचं कुंपण आणि आठवड्याला एक घागर, बुंध्याशी पाचोळ्याचं आच्छादन. आमच्याकडे एका घराला पाच झाडं असं वाटून दिलं आहे. पाचाहून जास्त दिली की कुणाचीच होत नाहीत, हे आम्ही करून पाहिलं आहे.

आता चैत्र लागतोय. बहाव्याच्या शेंगा काढून ठेवल्या आहेत, करंजाचं बी पिशव्यांत गेलं आहे, पुढच्या महिन्यात बकऱ्यांच्या वाड्यातली बाभूळ मिळेल. लावायची तारीख मात्र आम्ही ठरवत नाही. मिरगात दोन-तीन दमदार पाऊस झाले की पांदणीवर कुदळ मारायची आणि खड्ड्यात हात घालून माती काढायची. कोपरापर्यंत हात ओल्या मातीनं भरून निघाला तर त्याच दिवशी रोपं न्यायची. मनगटाखाली माती कोरडी लागली, तर खड्डा बुजवून घरी यायचं आणि पुढच्या पावसाची वाट बघायची.